लाइट गेली की मोडेम पोर्टचा वेग विसरते, काय करू?

प्रश्न (आर्वी तालुका): राजेहो, जिनिंगच्या वजनकाट्यावर जुना सिरियल मोडेम (फोनच्या तारेवरून संगणक जोडणारा डब्बा) हाय. संगणक त्याच्याशी ९६०० बिट दर सेकंदाले या वेगानं बोलते. लाइट जाऊन आली की फोन येते तवा ‘रिंग’च्या जागी स्क्रीनवर नुसता कचरा. हातानं ‘एटी’ (AT, मोडेमच्या हुकमाची सुरुवातीची अक्षरं) मारलं की सुधरते. काहून?

उत्तर: भाऊ, मोडेम चांगला हाय. ‘एटी’ आलं की तो त्यातल्या बिटांची लांबी मोजून पोर्टचा, म्हंजे संगणकाकडच्या वायरीचा, वेग ओळखते. लाइट आल्यावर त्याले कोणी ‘एटी’ म्हणलंच नाई, मंग जपून ठेवलेल्या वेगानंच ‘रिंग’ धाडते. टर्मिनल (हुकूम टाइप करायचा प्रोग्राम) ९६०० वर ठेवून ‘एटी&डब्ल्यू’ मारा. बहुतेक मोडेमात ज्या वेगानं हा हुकूम येते, तोच वेग बाकी सेटिंगसंगं कायमच्या मेमरीत जाते. वेगळा आकडा लिहा लागत नाई.

प्रश्नकर्ता: मंग डब्ब्यावर ५६के (५६ हजार बिट दर सेकंदाले) लिवलं हाय, ते काय?

उत्तर: ते टेलिफोनच्या तारेचं. संगणक ते मोडेम वायरीचा हिशेब अलग.

आणखी एक: ‘एटीएस०=१&डब्ल्यू’ असं एकाच ओळीत मारा, पहिल्याच रिंगले फोन उचलन. अन् ‘एटी&एफ’पासून दूर राहा, कारखान्यातली सेटिंग येते. तसं झालंच तर ‘एटीझेड’ मारा, जपून ठेवलेली सेटिंग वापस येते.