डीव्हीडी करताना ‘मेमरी अपुरी आहे’ : तुमचे अनुभव लिहा

वळीव

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी अडखळू लागली आहे, दुसरी करून पाठव, असे तिचे म्हणणे. तिच्याकडे अजून डीव्हीडी प्लेअरच आहे आणि मोबाइलवर पाठवलेले काहीही तिला उघडून पाहता येत नाही. ती डीव्हीडी मी २००९ साली घरच्या संगणकावर केली होती. तेव्हाचा मनस्ताप त्या फोनने पुन्हा आठवला, म्हणून हा धागा काढते आहे.

काम तसे साधेच होते. मिनीडीव्ही कॅमेऱ्याचे दीड तासाचे चित्रण फायरवायर केबलने संगणकात उतरवले होते आणि सुरुवातीला बाबांच्या लहानपणापासूनच्या फोटोंची मालिका लावली होती. जुने फोटो ‘पुन्हा पुन्हा कोण स्कॅन करणार’ म्हणून सर्वांत मोठ्या आकारात स्कॅन केलेले, आणि नवे फोटो १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे. टाइमलाइनवर सगळे सुरळीत दिसायचे, पण ‘डीव्हीडी तयार करा’ म्हटले की हिरवी पट्टी थोडी सरकून थांबायची आणि मेमरी अपुरी असल्याचा संदेश यायचा. दुकानदाराच्या सल्ल्याने २ जीबीची रॅम ४ जीबी केली. विंडोजने त्यातली सव्वातीनच दाखवली आणि पट्टी पूर्वी जिथे थांबत होती तिथेच थांबली.

कारण फोटोंतच होते. डिस्कवर चार एमबीची दिसणारी जेपीईजी फाइल दाबून लहान केलेली असते आणि वापरताना सॉफ्टवेअरला ती पूर्ण उलगडावी लागते. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एकच फोटो मेमरीत सुमारे ४६ एमबी जागा अडवतो, आणि असे चाळीस फोटो एका वेळी धरून ठेवले की पावणेदोन जीबी संपलेच. हे सगळे कशासाठी, तर पाल (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडीच्या ७२० गुणिले ५७६ च्या चौकटीत दाखवण्यासाठी, जिच्यात सव्वाचार लाख ठिपकेही मावत नाहीत! इरफानव्ह्यू या फोटोंच्या सॉफ्टवेअरने सगळे फोटो एकदम हजार ठिपके रुंदीचे करून घेतले, ज्यांच्यावर झूम करायचा होता तेवढे दुप्पट रुंद ठेवले, मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपले, आणि त्याच संगणकावर डीव्हीडी विनातक्रार पूर्ण झाली.

संदेश सगळ्यांना एकच दिसत असला, तरी प्रत्येकाकडे त्याचे कारण वेगळे निघाले असणार, असा माझा अंदाज आहे. कृपया सविस्तर लिहावे.

मिक्सिंगवाला

इचलकरंजीत लग्नांचे शूटिंग आणि मिक्सिंग हा माझा बरीच वर्षे व्यवसाय होता, त्यामुळे हा संदेश मला तोंडपाठ आहे. तीन तासांचे लग्न एकाच प्रोजेक्टमध्ये लावून थेट डीव्हीडीला धाडायचे नाही, हा आमच्याकडे नियमच होता. हळद, सीमांतपूजन, मुख्य विधी, पंगती आणि रिसेप्शन यांची स्वतंत्र प्रोजेक्ट करायची, प्रत्येकाची डीव्ही एव्हीआय फाइल काढायची, दर वेळी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचे, आणि शेवटी कोऱ्या प्रोजेक्टमध्ये या तयार फाइली ओळीने लावून मेनू जोडायचा. डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणून हार्ड डिस्क मोठी हवी. पण शेवटच्या टप्प्यात फोटो, शीर्षके, एकावर एक चढवलेले इफेक्ट यांपैकी काहीच नव्याने उलगडावे लागत नाही, डीव्हीडीला लागणारे एमपीईजी-२ करण्याचे तेवढे काम उरते. मूळ चित्रण डीव्हीचेच असल्यामुळे दर्जातही डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही.

फोटोंविषयी वळीवताईंनी लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. आहेर देणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा फोटो डीव्हीडीत हवाच, असा वधुपित्यांचा आग्रह असायचा आणि पट्टी हटकून आहेराच्या रांगेतच अडकायची.

शून्यएक

रॅम वाढवूनही फरक का पडला नाही, ते थोडक्यात सांगतो. ३२-बिट विंडोजमध्ये मेमरीतल्या जागांचे एकूण पत्ते ४ जीबीचेच असतात. त्यांतले काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवले जातात, म्हणून चारऐवजी सव्वातीन दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही एका प्रोग्रामला एरवी २ जीबीच पत्ते मिळतात, मग यंत्रात रॅम कितीही असो. विंडोज एक्सपीमध्ये बूट डॉट आयएनआय या फाइलीत बदल करून ही मर्यादा ३ जीबीपर्यंत नेता येत असे, परंतु त्यासाठी मुळात प्रोग्राम तसा बांधलेला असावा लागे, आणि तेवढा एक जीबी विंडोजच्या स्वतःच्या वाट्यातून जात असल्यामुळे यंत्र अधूनमधून रुसण्याची शक्यताही असे.

शिवाय मोठ्या फोटोला सलग जागा लागते. तासभर संपादन केल्यावर मेमरीत मधेमधे भोके पडलेली असतात, आणि एकूण मोकळी जागा ५०० एमबी असूनही सलग ५० एमबी मिळत नाही. ‘बंद करून पुन्हा उघडायचे’ हा मिक्सिंगवाले दादांचा नियम त्यामुळेच लागू पडत होता. यंत्र नुकतेच चालू केल्यावर, दुसरे काहीही न उघडता एक्सपोर्ट लावावे, म्हणजे निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आता संगणक आणि सॉफ्टवेअर दोन्ही ६४-बिट असल्यामुळे ही विशिष्ट अडचण जवळजवळ संपली आहे. ज्यांनी जुन्या प्रेमापोटी ३२-बिट सॉफ्टवेअर जपून ठेवले आहे, त्यांना मात्र १६ जीबीच्या यंत्रावरही तोच संदेश दिसेल.

कुंदा_काकू

आमच्याकडे पट्टी ९९ टक्क्यांवर थांबायची. तोपर्यंत रात्रीचे दोन वाजलेले असायचे आणि ‘झाले का?’ म्हणून हे आतल्या खोलीतून विचारायचे.

शून्यएक

काकू, अगदी शेवटी थांबत असेल, तर बहुधा मेमरीचा संबंध नसतो. फाइल कुठे साठवत होतात, ते आठवते का?

कुंदा_काकू

बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर. तिच्यात दोनशे जीबी मोकळे होते, आणि संदेश मात्र ‘डिस्कवर जागा नाही किंवा मेमरी अपुरी आहे’ असा जोडसंदेश होता. भाच्याने डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर तिथे फॅट३२ लिहिलेले. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊच शकत नाही, असे त्याने सांगितले.

पण मला पडलेले कोडे वेगळेच होते. मुंजीची तीच डीव्हीडी फोल्डर म्हणून साठवली की व्यवस्थित व्हायची, आणि आयएसओ म्हणून साठवली की अडायची. ते कोडेही त्यानेच सोडवले. फोल्डरमध्ये चित्रणाच्या व्हीओबी फाइली प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यामुळे त्या बसतात. आयएसओ ही सगळ्यांची मिळून एकच फाइल असते, आणि भरलेल्या डीव्हीडीची ती ४.७ जीबीच्या घरात जाते. त्याने कन्व्हर्ट आज्ञा देऊन आतला मजकूर न पुसता डिस्क एनटीएफएस केली, म्हणजे ४ जीबीची ती मर्यादा नसलेल्या पद्धतीत आणली. आधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवून घेतली होती, तेवढी काळजी सर्वांनी घ्यावी.

पोफळी

माझा अनुभव रत्नागिरीचा आहे आणि वरील सर्वांपेक्षा थोडा वेगळा आहे. वडिलांनी हायएट कॅमेऱ्याने घेतलेल्या आमच्या लहानपणीच्या कॅसेटी मी डिजिटल करून डीव्हीडीवर उतरवत होते. फोटो एकही नव्हता, इफेक्ट नव्हते, डिस्क एनटीएफएस होती, तरीही मेमरीची चूक येत राहिली. फरक एवढाच की ती कधी १२ टक्क्यांवर यायची, कधी ७० वर, तर कधी सगळे निमूटपणे पूर्ण व्हायचे आणि मग चित्रात हिरवे चौकोन दिसायचे.

हा फरक पुढे मला फार उपयोगी पडला. चूक नेहमी एकाच जागी येत असेल, तर टाइमलाइनवर त्या जागी काय आहे ते पाहावे, कारण बिघडलेली क्लिप, अवाढव्य फोटो किंवा एखादा जड इफेक्ट तिथेच सापडतो. तेवढा तुकडा काढून एक्सपोर्ट करून पाहिले की खात्री होते. जागा दर वेळी बदलत असेल, तर प्रोजेक्टला दोष न देता यंत्राकडे वळावे. मी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम सीडीवर घालून संगणक त्यावरून सुरू केला आणि चाचणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग लागलेली होती. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून चाचणी घेतली, मग दुसरी काढून घेतली, आणि सदोष पट्टी कोणती ते कळले. ती काढून टाकल्यावर रॅम निम्मी झाली आणि डीव्हीडी पहिल्यांदा नीट झाली!

इतर कामांत ही पट्टी कधी जाणवली नव्हती. पत्रे टंकताना किंवा इंटरनेट पाहताना मेमरीचा तो कोपरा क्वचितच वापरला जात असावा. व्हिडिओचे एन्कोडिंग मात्र तासन्‌तास मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही राबवते, म्हणून दोष तिथे उघडा पडतो. आमच्याकडच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीचे टोकही काळवंडते, तेव्हा ती काढून, खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवून पाहणे हा पहिला बिनखर्ची उपाय आहे.

वळीव

पोफळी, एकाच जागी की वेगवेगळ्या जागी, हे तपासण्याचे मला कधी सुचलेच नव्हते. माझी पट्टी दर वेळी त्याच ठिकाणी थांबायची आणि ते ठिकाण फोटोंच्या मालिकेतलेच होते, हे आता वाचताना लक्षात आले. हायएटच्या कॅसेटी अजून सुस्थितीत आहेत का?

पोफळी

दोन कॅसेटींना बुरशी लागली होती आणि त्या तशाच राहिल्या. बाकीच्यांच्या डीव्हीडी झाल्या, आणि मूळ एव्हीआय फाइलीही दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत.

हडसनकाठ

न्यू जर्सीत आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकाची डीव्हीडी करण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असायचे. कोणी एव्हीसीएचडी कॅमेऱ्याने टिपलेले, कोणी मोबाइलवर, कोणी पुण्याहून आणलेल्या पाल हॅंडीकॅमवर, असे सगळे एका टाइमलाइनवर आले की मेमरीची बोंब ठरलेली. एव्हीसीएचडीतले एच.२६४ चित्रण जागा कमी घेते, पण त्यात बहुतेक चौकटी (फ्रेम) आगेमागच्या चौकटींवरून रचाव्या लागतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला अनेक चौकटी एकाच वेळी हाताशी ठेवाव्या लागतात. त्यात मोबाइलच्या चित्रणाचा चौकटींचा वेग स्थिर नसतो.

यावर उपाय म्हणजे संपादनाला बसण्यापूर्वी प्रत्येक क्लिप एकाच साच्यात आणून घ्यावी. इथल्यासाठी मी ७२० गुणिले ४८० आणि सेकंदाला २९.९७ चौकटींचे एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही-चित्राची पद्धत) ठरवले होते. भारतात पाठवायच्या प्रतीही तशाच ठेवत असे, कारण तिकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, इथले मात्र पालला सहसा हात लावत नाहीत.

लेखणीबहाद्दर

एक छोटी भर घालतो. फोल्डरचे नाव ‘आजीची पंचाहत्तरी’ असे देवनागरीत होते. जुने सॉफ्टवेअर युनिकोडचे नसल्यामुळे त्याला त्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत होती आणि तात्पुरत्या फाइली लिहिता न आल्यामुळे ते भलतीच चूक दाखवत होते. फोल्डर रोमन लिपीत, मोकळ्या जागा न सोडता, थेट डी ड्राइव्हवर केला आणि काम झाले. मेनूवरचे मराठी शीर्षकही त्यात तुटकच उमटायचे. ते मी चित्र म्हणून तयार करून पार्श्वभूमीलाच लावले.

मिक्सिंगवाला

मेनूसाठी आम्हीही चित्रच वापरत होतो. फक्त ते चित्रही ७२० गुणिले ५७६ चेच करावे. पोस्टरच्या आकाराचे चित्र मेनूला लावून ‘मेमरी अपुरी’ म्हणणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे.

वळीव

सर्वांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे येते. आत्याची डीव्हीडी मला नव्याने करायची आहे. जुने प्रोजेक्ट उघडत नाही, पण मिनीडीव्हीची एव्हीआय फाइल माझ्याकडे आहे. आज हे काम कसे करावे?

शून्यएक

संपादन, एन्कोडिंग, मेनू आणि लेखन हे सगळे एकाच खिडकीतून करायला जाऊ नका. टप्पे वेगळे केले की चूक कोणत्या टप्प्यात आली तेही कळते आणि पुढचा टप्पा मेमरी नव्याने घेतो. संपादन कोणत्याही ६४-बिट सॉफ्टवेअरमध्ये करून एकच पूर्ण फाइल काढा. ती एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ‘पाल-डीव्हीडी’ हे लक्ष्य देऊन एमपीईजी-२ मध्ये बदला. तो चित्रण थोडे थोडे वाचत पुढे जातो, त्यामुळे फाइल किती तासांची आहे याचा मेमरीवर भार येत नाही. मेनू डीव्हीडीस्टायलरमध्ये करून आधी आयएसओ तयार करा, ती व्हीएलसीमध्ये चालवून पाहा, आणि मग इमबर्नने डिस्कवर लिहा. दीड तासाचे चित्रण आवाजासह सेकंदाला ६ मेगाबिटच्या हिशेबाने एका थराच्या डिस्कवर सहज बसते. ८ घेतलेत, तर सव्वा तासाच्या थोडे पुढे डिस्क भरेल. सी ड्राइव्हवर तात्पुरत्या फाइलींसाठी वीसएक जीबी मोकळे ठेवा, आणि पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरते ती) कोणी बंद करून ठेवली असेल, तर ती आधी चालू करा.

वळीव

माझ्या लॅपटॉपला रायटरच नाही. यूएसबीचा घेतला तर चालेल ना?

मिक्सिंगवाला

चालतो, ताई. पण काही बारीक रायटरना दोन यूएसबी टोके असलेली वायर येते, ती दोन्ही टोके लावा. एकाच टोकावर वीज कमी पडली, तर डिस्क मध्येच वाया जाते. वेग आठपटीच्या वर ठेवू नका. आणि आत्याबाईंच्या प्लेअरला डीव्हीडी उणे आर चालते की अधिक आर, ते त्यांच्या जुन्या डिस्कवर पाहून तशाच कोऱ्या आणा.