संभाजीराजांची 1683 ची गोवा स्वारी: बखर खरी मानायची की फिरंग्यांचे कागद?

फोंडेकर
काल फर्मागुडीला चहा घेताना एकानं परत तोच किस्सा सांगितला, जुव्याच्या (सांतु इस्तेव्ह बेटाच्या) लढाईत महाराजांनी खाडीत घोडा घातला, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळनं उडी टाकून त्यांना वाचवलं. एवढा रंगून सांगत होता की त्याची पातळभाजी गार झाली. पण हे आलं कुठून? चिटणिसांकडून. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली 1810 च्या आसपास, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, आणि खंडो बल्लाळ त्यांचेच पूर्वज. वर खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी यांना 1681 ला संभाजीराजांनीच मारलं होतं. म्हणजे राजाबद्दल राग पण आणि घराण्याचं कौतुक पण. माझं मत स्पष्ट आहे, या स्वारीसाठी बखर कपाटात ठेवा आणि पोर्तुगीज पत्रं वाचा, ती तेव्हाची आहेत.

जुवेकार
तेव्हाची आहेत म्हणून खरी? कोण लिहितोय ते बघा ना दादा. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट आल्वोर नोव्हेंबरात फोंड्याला वेढा घालायला गेला, आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी लढत होते, महाराज स्वतः आले आणि साहेब मागे फिरले. आता हा माणूस लिस्बनला काय लिहिणार, मी घाबरलो म्हणून? समोर सैन्य अफाट होतं, पावसानं घात केला, असंच लिहिणार. हरलेल्याच्या पत्रात शत्रूचा आकडा नेहमी फुगतो. बखरकार घराण्याचं मीठ खाऊन लिहितो आणि व्हाइसरॉय नोकरी वाचवायला, फरक काय?

फोंडेकर
फरक आहे. आकडे सोडा, पण 25 नोव्हेंबरला मराठ्यांनी घेतलेलं जुवं परत घ्यायला गेला तेव्हा व्हाइसरॉय स्वतः जखमी झाला आणि जेमतेम जीव वाचवून परत आला, हे त्यांचेच कागद सांगतात. स्वतःची फजिती कोण उगाच रचतो? पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरात आयुष्य घालवून हे सगळं बाहेर काढलं नसतं तर आपण अजून घोड्यावरच बसलो असतो.

मांडवीकाठ
मनुचीला विसरू नका, तो इटालियन प्रवासी. तो तेव्हा गोव्यात होता, व्हाइसरॉयनं त्याला संभाजीराजांकडे वकील म्हणून पाठवलं पण होतं. डोळ्यांनी पाहिलेला माणूस. फक्त लिहिलं बऱ्याच वर्षांनी, आणि त्याच्या पुस्तकात सगळ्यात शहाणा माणूस कायम तोच असतो 😄

तिथीवाला
तुम्ही सगळे कोण बोलतोय एवढंच बघताय, काय बोलतोय ते तपासा की. आमचे आजोबा मासे मारायला जायचे, पंचांग बघून पाण्याची वेळ सांगायचे. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ते भरतीचं घड्याळ, त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी, किनाऱ्याप्रमाणे तासभर इकडेतिकडे. पोर्तुगीज कागद म्हणतात मराठे 24 नोव्हेंबरला रात्री सुकतीच्या वेळी जुव्याच्या किल्ल्यात शिरले. मी अमावास्येपासून मोजून मागे गेलो तर त्या रात्री शुक्ल पंचमी-षष्ठी येते. सहा गुणिले पाऊण म्हणजे साडेचार, आणि सुकती रात्री दहाच्या आसपास. म्हणजे बसतंय! लिस्बनसाठी खोटं रचणाऱ्याला पाण्याची वेळ जुळवायची काही गरज नव्हती.

जुवेकार
हे आवडलं. मग माझ्या बाजूनं पण मोजा, दुसऱ्या दिवशी धुमश्चक्री चालू असताना भरती आली असणारच, मग घोडा वाहायला लागला हे अशक्य कसं?

तिथीवाला
अशक्य नाहीच. पण पाणी होतं म्हणजे उडी मारली असं होत नाही ना. आमच्या शेजाऱ्याच्या भेंडीच्या मळ्यात पण दर दोन आठवड्यांनी उधाणाचं पाणी येतं, त्यात अजून कोणी राजा बुडाला नाही.

फोंडेकर
😂 ही जुव्याची सात शिरांची भेंडी मधे आली म्हणजे चर्चा गोव्याचीच आहे.

मांडवीकाठ
अजून एक. व्हाइसरॉयनं शेवटी सेंट झेवियरच्या शवाजवळ आपला राजदंड नेऊन ठेवला, गोवा आता तूच सांभाळ म्हणून, आणि मग शहर वाचलं ते संताच्या कृपेनं, ही त्यांच्या बाजूची बखरच झाली की. खरं कारण म्हणजे जानेवारी 1684 मध्ये औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोगल फौज घेऊन खाली उतरला, मराठ्यांना मागे जावं लागलं. एकीकडे खंडो बल्लाळ, एकीकडे झेवियर, आणि मधल्या मोगलाचं नाव कोणीच घेत नाही.

जुवेकार
बरोबर, पण मग बखर फेकायची का? 1689 ला रायगड पडला, आपल्याकडचे कागद किती उरले? जेधे शकावलीत, म्हणजे जेध्यांच्या सालवार नोंदींत, तर एकेका ओळीत सालं उरकलीत. बखर गेली तर मराठ्यांचा आवाजच जातो, मग सगळी स्वारी फिरंग्यांच्या तोंडून ऐकायची?

फोंडेकर
फेकू नका, मान्य, कपाट म्हणालो ते जरा जास्त झालं. पण घोड्याची गोष्ट शाळेच्या गॅदरिंगमध्ये इतिहास म्हणून सांगू नका एवढंच.

तिथीवाला
पुढच्या षष्ठीला रात्री दहाला जुव्याला येतो कोण? आता पूल आहे, घोडा नको. डासांचं मलम आणा मात्र.