प्रतिसाद: खेळाची फी की कुपनं?

वर एका ताईंनी विचारलंय, की शाळा म्हणते एकतर खेळाचे दीड हजार भरा, नाहीतर मुलाला शाळेची कुपनं विकायला लावा, तर काय करावं? आमच्याकडे, जळगाव जिल्ह्यात, कुपनांचा प्रकार झाला होता. शेवटी निम्मी कुपनं मामा-मावश्यांनी घेतली, उरलेली आम्हीच. म्हणजे पैसे घरातलेच, वर पोरांची वणवण!

पुढच्या वर्षी खो-खोच्या मुलींच्या बूट-प्रवासासाठी आम्ही पालकांनी भरीत विकलं. हिवाळाच होता, भरताची वांगी स्वस्त. एकाच्या शेतातल्या कपाशीच्या काड्यांवर भाजली, मिरची-लसूण घालून ठेचली, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. दुपारपर्यंत पातेलं रिकामं. लोक चवीला पैसे देतात, दयेला नाही. फक्त तेल-शेंगदाण्यांचा खर्च आधी वजा करा, आम्ही तो विसरलो होतो.

ज्यांना वेळ नाही त्यांना सरळ पैसे भरू द्या. पण पावती घ्याच. शाळा खासगी असेल तर 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. ही रक्कम तिथे आली होती का, एवढं विचारून बघा.