तातडीने मदत हवी आहे: टोकियोत १४ तास, खासगी गाडी करू का?

उंबरठा
नमस्कार. मुंबईहून अमेरिकेला जाताना टोकियोत १४ तास थांबा आहे. सकाळी आठला उतरतो, पुढचं विमान रात्री साडेदहाला. एका टूरवाल्याने गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाइड मिळून दिवसाचे ८५ हजार येन सांगितलेत. आसाकुसा, मेइजी मंदिर, शिबुया. आगाऊ रक्कम आज रात्रीपर्यंत भरायची आहे. भरू का? 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

टॅक्सीमीटर
किती जण? कधी? कुठला विमानतळ? बजेट? काहीच लिहिलं नाहीत.

उंबरठा
विमानतळ टोकियोचा, वर लिहिलंय की. चार जण. ऑगस्ट.

खमंग
टोकियोला दोन आहेत हो. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब, हानेदा अगदी खेटून. मुंबईहून म्हणजे बहुधा नारिता. तसं असेल तर शहरात जाऊच नका. केईसेई रेल्वेने दहा मिनिटांत नारिता गाव येतं. तिथलं नारिता-सान देऊळ इ.स. ९४० मधलं, देव फुदो म्योओ, म्हणजे आपला अचलनाथ. रोज होम होतो, त्याला ते 'गोमा' म्हणतात. देवळापर्यंतच्या रस्त्यावर ईल माशाची दुकानं. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा पोटभर खाऊन झोपत विमानात चढलो.

घाटावरचा
१४ तास आहेत आणि गावातलं देऊळ बघायचं? फुजी बघा! गाडी आहेच.

खमंग
ऑगस्टमध्ये फुजी ढगात असतो. ८५ हजार येन देऊन ढग बघायचे असतील तर लोणावळा स्वस्त पडेल.

शिंजुकूकर
इथे अकरा वर्षं राहतोय म्हणून सांगतो. गाडीची नंबरप्लेट हिरवी असेल का, ते आधी विचारा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला हिरवी लागते. पांढऱ्या प्लेटच्या गाड्या विमानतळावर सर्रास उभ्या असतात, पण तो धंदा बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचे वांधे. गाइडचं वेगळं आहे, २०१८ पासून परवान्याशिवायही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं.
आणि व्हिसा काढलात ना?

उंबरठा
सगळ्यांचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. तो चालतो ना?

शिंजुकूकर
नाही. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर जपानचाच व्हिसा लागतो. गाडी राहू द्या, आधी ते बघा.

टॅक्सीमीटर
मग आतच बसा. आतल्या आत विमान बदलायला व्हिसा लागत नाही. खुर्च्या चांगल्या आहेत.

मोगरा_७१
जपानला चाललाच आहात तर कोयासान चुकवू नका. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. आम्ही गेलो तेव्हा डोळे भरून आले.

खमंग
ताई, पुतळा आहे खरा, पण तो ओसाकाच्या बाजूला. १४ तासांत जाऊन येणं होणार नाही.

उंबरठा
धागा भरकटतोय. तिकीट बघितलं. उतरायचं नारिताला आणि रात्रीचं विमान हानेदाहून. दोन्ही टोकियोच ना? एजंट म्हणाला एकच तिकीट आहे, काळजी नको.

शिंजुकूकर
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंत! म्हणजे आत बसून राहायची सोयच नाही. इमिग्रेशन करून बाहेर यावंच लागणार, बॅगा घेऊन दुसऱ्या विमानतळावर जावं लागणार. व्हिसा नसेल तर मुंबईतच विमानात चढू देणार नाहीत. तुमच्या एजंटाला काय म्हणावं?

टॅक्सीमीटर
माझं 'आतच बसा' मागे घेतो.

खमंग
मीही नारिता-सानचा हट्ट सोडतो. नारिताहून हानेदाला थेट जाणाऱ्या काही रेल्वेगाड्या आसाकुसावरूनच जातात. तिथे उतरा, देऊळ बघा, पुढे चला. गाडीवाल्याला कशाला पैसे चारता?

शिंजुकूकर
आणि चौघांच्या बॅगा? अमेरिकेला निघालेत, प्रत्येकी दोन म्हटल्या तरी आठ. एवढ्या धुडांना रिकामे लॉकर कुठे शोधणार? इथे मात्र गाडीच बरी. सामान डिकीत, माणसं देवळात. फक्त सोडायचं ठिकाण हानेदा ठेवा, आणि आठ बॅगा मावतील अशी मोठी गाडी आहे का ते लेखी घ्या.

खमंग
बॅगा मोजल्या कधी तुम्ही?

उंबरठा
आठच आहेत. शिवाय आई बरोबर आहे, ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. आणि तिचा श्रावण, कांदा-लसूण नाही. मुलगा नऊ वर्षांचा.

मोगरा_७१
हे आधी नाही का सांगायचं! मग मेइजी मंदिर गाळा, खडीवरून बरंच चालावं लागतं. उएनोला शिनोबाझू तळं आहे, मध्ये बेंतेनचं देऊळ. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती. ऑगस्टमध्ये तळं कमळांनी भरलेलं असतं, सकाळी चांगली फुललेली दिसतात. आसाकुसापासून जवळच आहे. सकाळी लवकर न्या, दुपारी घामाच्या धारा लागतात. जेवणाला दशम्या-चटणी घरूनच घ्या, तिथे साध्या सूपच्या पाण्यातही मासा उकळलेला असतो. ताजी फळं मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

घाटावरचा
टोकियोतल्याच निशी-कासाईत भारतीय पुष्कळ राहतात, तिथे जेवण मिळेल. वडापाव मिळतो का कुणाला माहीत आहे?

शिंजुकूकर
वडापावचा वेगळा धागा काढा.

उंबरठा
आगाऊ रक्कम भरली नाही. टूरवाल्याला हिरव्या प्लेटचं आणि हानेदाचं विचारलं, 'कळवतो' म्हणाला. व्हिसासाठी उद्या कागद घेऊन जातोय. एजंट फोन उचलत नाही. आईला कमळांचं सांगितलं, तर ती म्हणते शिबुया-बिबुया तुम्ही बघा, मला तळ्यापाशी बसवा.
व्हिसासाठी आईचं आयकर विवरण लागेल का? ती भरत नाही.

घाटावरचा
फुजी पक्का रद्द का?