स्पेनचा 'खुरादो' मराठीत कोण? ज्यूरी, पंच की आणखी कुणी?

अनुवादिनी
स्पेनच्या ज्यूरी पद्धतीवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद हातात आहे. संपादक म्हणतात, स्पॅनिश शब्द देवनागरीत तसेच राहू द्या. मला पटत नाही. तिथल्या १९७८च्या राज्यघटनेचं कलम १२५ सामान्य माणसाला कोर्टाची दोन दारं उघडून देतं. एक, ज्यूरीत बसायचं. दुसरं, 'आक्सिओन पोपुलार': स्वतःला काडीची झळ लागलेली नसतानाही गुन्हेगाराविरुद्ध खटल्यात उतरायचं. मशीनने केलेल्या मसुद्यात हे 'लोकप्रिय कृती' झालं होतं! आणि 'आकुसासिओन पार्तिकुलार', म्हणजे पीडिताने स्वतःच्या वकिलामार्फत लढवलेली बाजू, झाली 'विशिष्ट आरोप'.
माझे शब्द: लोकफिर्याद, पीडित-फिर्याद, आणि 'खुरादो'ला, म्हणजे ज्यूरीला, लोकपंच. बोला.

जिल्हाकोर्टवाला
'लोकपंच'ला साफ विरोध. तीस वर्षं फौजदारीत काढली. आमच्याकडे पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा. पोलिसांनी चहाच्या टपरीवरून उठवून आणलेला, आणि पाच वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहिला की 'सही माझीच, पण कागद कोरा होता' म्हणणारा. तुमच्या वाचकाला तोच आठवणार. 'ज्यूरी' आपल्याला परकी नाही. १९०८ साली टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं ते ज्यूरीनेच, आणि खुनाच्या खटल्यात नानावटीला आठ विरुद्ध एकने सोडलं तेही. ती पद्धत गेली, शब्द राहिलाय. राहू द्या.

वालेन्सियाकर
ज्यूरीबद्दल वकीलसाहेबांशी सहमत, पण एका अटीवर. तुम्ही 'ज्यूरी' म्हटलंत की वाचकाला नानावटीची ज्यूरी दिसणार: आत गेले, बाहेर आले, 'गिल्टी' किंवा 'नॉट गिल्टी' म्हणाले, संपलं. इथे स्पेनमध्ये १९९५च्या कायद्याने नऊ जण बसतात, दोन राखीव. न्यायाधीश त्यांच्या हातात एकेका घटनेची यादी देतो, आणि प्रत्येक घटना सिद्ध झाली की नाही यावर मत पडतं. आरोपीच्या विरुद्ध जाणाऱ्या घटनेला सात मतं लागतात, बाजूने जाणारीला पाच पुरतात. वर थोडक्यात का होईना, कारणं लिहून द्यावी लागतात. मालागाच्या २००१च्या एका गाजलेल्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने बाईला दोषी ठरवलं, आणि कारणं पुरेशी दिली नाहीत म्हणून वरच्या कोर्टाने तो निकालच रद्द केला. पुढे डीएनएवरून भलताच माणूस सापडला. 'ज्यूरी' या एका शब्दात यातलं काय मावतं?

अनुवादिनी
शब्दात मावणार नाहीच, तळटीप देईन. पण मग 'लोकपंच'ही तळटिपेसकट का चालू नये?

जिल्हाकोर्टवाला
कारण तळटीप कुणी वाचत नाही. आता 'लोकफिर्याद'. कानाला छान, पण फसवी. परक्याने फिर्याद द्यायची सोय आपल्याकडे आहेच. रामदास नायकांनी मुख्यमंत्री राहिलेल्या अंतुल्यांविरुद्ध खासगी फिर्याद केली, आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती कुणीही करू शकतो. मग स्पेनने वेगळं काय केलं?

वालेन्सियाकर
फरक पुढे आहे. तुमच्या सेशन्स कोर्टात खटला चालवणार सरकारी वकील. फिर्यादीचा वकील त्याच्या हाताखाली. इथे आक्सिओन पोपुलारवाला पूर्ण पक्षकार असतो: साक्षीदार तपासतो, शिक्षा मागतो, काही खटल्यांत तर सरकारी बाजू गप्प बसली तरीही. राजाच्या बहिणीला, क्रिस्तिनाला, २०१६ साली आरोपीच्या जागी बसवलं ते 'मानोस लिम्पियास' या संघटनेने. सरकारी बाजू तिच्यावर आरोप ठेवायला तयारच नव्हती. पुढच्या वर्षी ती सुटली, तो भाग वेगळा. हे फक्त फिर्यादीचं काम नव्हे, म्हणून मी 'लोकाभियोग' म्हणेन.

जिल्हाकोर्टवाला
अभियोग म्हटलं की लोकांना महाभियोग आठवतो, साहेब. राष्ट्रपतींना काढायला निघालात की काय?

अनुवादिनी
:) तरी 'लोकाभियोग' मला आवडला. सरकारी वकिलाला 'अभियोक्ता' म्हणतातच, तेव्हा 'लोक-अभियोक्ता' ओघाने येतो. फिर्यादीवरचा हट्ट सोडते.
माझी खरी झोप उडवलीय ती इंग्रजीशी तोंडवळा जुळणाऱ्या शब्दांनी. 'सेंतेन्सिया' म्हणजे निकालपत्र, पण मसुद्यात सगळीकडे 'शिक्षा'. एका ठिकाणी चक्क 'निर्दोष मुक्ततेची शिक्षा'! आणि ज्यूरीच्या कामकाजावर बसणारा 'माखिस्त्रादो' झालाय 'मॅजिस्ट्रेट'.

जिल्हाकोर्टवाला
अरे देवा. आपला मॅजिस्ट्रेट खालच्या पायरीवर, खुनाचा खटला सेशन्सकडे पाठवणारा.

वालेन्सियाकर
आणि इथे 'खुएस' म्हणजे साधा न्यायाधीश खाली, 'माखिस्त्रादो' त्याच्या वर. पायऱ्या बरोब्बर उलट्या. नुसतं 'ज्यूरीवरचे न्यायाधीश' लिहा. आणखी एक: 'नो कुल्पाब्ले'ला, म्हणजे ज्यूरीच्या 'दोषी नाही' या उत्तराला, कृपा करून 'निर्दोष' लिहू नका. २०१२ साली आमच्या वालेन्सियाच्या माजी मुख्यमंत्र्याला, काम्प्सला, भेट म्हणून घेतलेल्या सुटांच्या खटल्यात ज्यूरीने पाच विरुद्ध चार मतांनी सोडलं. चौघांना तो दोषी वाटत होता. त्याला 'निर्दोष' म्हणणं म्हणजे त्या चौघांना खोडणं.

जिल्हाकोर्टवाला
इथे माझं जमणार नाही. सुटला तो निर्दोष. मतं पाच असोत की नऊ, कायद्याच्या नजरेत अर्धवट निर्दोष असा प्रकार नसतो. 'दोषी नाही' लिहिलंत की वाचक म्हणणार, म्हणजे दाल में कुछ काला.

अनुवादिनी
यावर माझं अजून ठरत नाहीये. ज्यूरीचं उत्तर असेल तिथे 'दोषी नाही', निकालपत्रात 'निर्दोष मुक्त', असं करून बघते. शेवटचा प्रश्न: लोक-अभियोक्त्याला खटल्यात उतरण्याआधी 'फिआन्सा' भरावा लागतो. कोशात अर्थ 'जामीन'. पण अटक तर कुणालाच झालेली नाही!

जिल्हाकोर्टवाला
अनामत. निवडणुकीला उभा राहणारा भरतो तसली. 'लोकपंच' खोडलंत का, ते आधी सांगा.