मंत्र्यांचे पीए-ओएसडी वरून ठरवून नक्की काय साधलं?

तिरपागडे:
फेब्रुवारी २०२५ आठवतोय ना? तेव्हाचे कृषिमंत्री कोकाटे जाहीरपणे बोलले की आमचे पीएस (खासगी सचिव) आणि ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) सुद्धा मुख्यमंत्रीच ठरवतात, आमच्या हातात काही राहिलं नाही. मग फडणवीसांनी आकडाच सांगितला, १२५ च्या आसपास नावं आली, १०९ क्लिअर केली, बाकीच्यांवर काही ना काही आरोप आहेत नाहीतर चौकशी चालू आहे, आणि फिक्सर लोकांना मी मान्यता देणार नाही, मग कोण नाराज झालं तरी चालेल. एवढं कौतुक झालं की संजय राऊतांनीही पाठ थोपटली. पण गाळलेली ती पंधरा-सोळा माणसं कोण, कोणत्या मंत्र्याने त्यांची नावं पाठवली होती, हे तुम्हाआम्हाला कोणी सांगितलं का? फिक्सर आहे हे सरकारला माहीत, मग नुसती फाईल परत पाठवून विषय संपवायचा? माझं म्हणणं सरळ आहे, खासगी सचिव, ओएसडी, पीए, सगळ्यांची नावं, मूळ खातं कोणतं, याआधी कोणाकडे होते, हे वेबसाईटवर टाका. वरून चाळणी लावली की फक्त निष्ठा कुणाशी ते बदलतं.

भाऊ_औसेकर:
निष्ठा बदलते म्हणे. अहो मग मंत्र्याने स्वतःचा भाचा नाहीतर मेव्हणा आणून बसवला ते बरं होतं का? त्याआधीचं बघा, सरकार कुठलंही येऊ दे, मंत्री बदलायचे आणि पीएस तेच, या पक्षाच्या मंत्र्याकडून त्या पक्षाच्या मंत्र्याकडे, कारण बदल्यांचा सीझन कसा सांभाळायचा हे त्यांनाच माहीत. ती साखळी कोणीतरी तोडायला हवीच होती. नावं जाहीर करा म्हणताय, उद्या त्यातला एखादा चौकशीतून निर्दोष सुटला तर?

पूर्वीचा_पीए:
इथे सगळे फिक्सर फिक्सर करतायत म्हणून लिहितो. मी एका आमदाराकडे बरीच वर्षं होतो, नाव पक्ष काही सांगणार नाही. सकाळी सात वाजता बंगल्याच्या ओट्यावर पन्नास माणसं, कुणाचा बाप आयसीयूत आणि हॉस्पिटल डिपॉझिट मागतंय, मग धर्मादाय कोट्यातून बेड मिळतो का बघायचं, तिथला समाजसेवा अधीक्षक फोन उचलत नाही, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा फॉर्म भरायचा तर उत्पन्नाचा दाखला नाही, तहसीलला माणूस पाठवायचा. साहेब तेव्हा आंघोळीला. संध्याकाळी पेशंट अ‍ॅडमिट झाला की साहेबांचं स्टेटस पडतं, "आमच्या प्रयत्नाने". माझी तक्रार नाही, तेच काम होतं.

आणि इलेक्शनमध्ये तर विचारूच नका. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, सभेतली खुर्ची, मंडप, वडापाव, सगळ्याचे दर प्रशासनाने ठरवलेले, त्या दराने रजिस्टर लिहायचं आणि खर्च निरीक्षकापुढे तपासणीला न्यायचं. दुपारी परवानगीची खिडकी, रात्री रुसलेल्या सरपंचाच्या घरी जाऊन पिठलं-भाकरी खायची आणि बॅनरवर फोटो बारका का आला त्याचा खुलासा द्यायचा. स्ट्रॅटेजी वगैरे टीव्हीवर, खाली हेच.

निशा_प:
@पूर्वीचा_पीए तुमचा मुद्दा मान्य, पण एक विचारते. बेड मिळणं त्या पेशंटचा हक्क ना? कायद्याने धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धनांसाठी ठेवायच्याच आहेत. मग पीएच्या फोनशिवाय बेड मिळत नाही हीच तर बोंब आहे. जिथे हक्काच्या गोष्टीला फोन लागतो तिथे फोन करणाऱ्याची किंमत आपोआप वाढते, आज तो फुकट करतो, उद्या टेंडरवाल्यासाठी करेल तेव्हा फुकट करणार नाही. धुळ्याच्या सरकारी विश्रामगृहात मे २०२५ मध्ये काय झालं? विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर, आणि समितीच्या अध्यक्षांच्या पीएच्या नावावर असलेल्या खोलीत १ कोटी ८४ लाख सापडले. माजी आमदार अनिल गोटे दाराबाहेर ठाण मांडून बसले म्हणून कुलूप तरी तुटलं. पीए निलंबित झाला. बरं, एवढे पैसे एका पीएला कोण कशाला देईल हो?

भाऊ_औसेकर:
आरोप सिद्ध झाल्याशिवाय कशाला बोलता. आणि सगळे पीए तसलेच असते तर लोकांनी निवडून दिले असते का? आमच्या औशाचे अभिमन्यू पवार फडणवीसांचेच पीए होते, २०१९ ला आमदार झाले, २०२४ ला परत. वळसे पाटील शरद पवारसाहेबांचे पीए होते, ते विधानसभेचे अध्यक्ष आणि गृहमंत्री झाले. मंत्रालयात कुठली फाईल कुठे अडते हे ज्याला माहीत तो मतदारसंघाला निधी आणणारच.

सतरंजीवाला:
आता माझ्या दुखऱ्या नसेवर हात ठेवलात. सतरंज्या आम्ही उचलायच्या आणि तिकीट साहेबाच्या बॅगा उचलणाऱ्याला. आर्वीला २०२४ मध्ये भाजपने फडणवीसांच्याच ऑफिसातल्या सुमित वानखेडेंना उतरवलं तेव्हा विद्यमान आमदार केचे यांनी आधी बंड केलं, मग अर्ज मागे घेतला, नंतर त्यांना विधान परिषद मिळाली. ते आमदार होते म्हणून निदान विधान परिषद तरी, साध्या कार्यकर्त्याला कोण विचारतं? शिवसेनेतही तेच, उद्धव ठाकरेंचे पीए मिलिंद नार्वेकरांवर वर्षानुवर्षं साहेबांना भेटू देत नाहीत म्हणून ओरड, पक्ष सोडणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यावर खापर फोडलं आणि जुलै २०२४ ला ते विधान परिषदेत.

तिरपागडे:
खापर फोडलं म्हणताय, पण पीएचा तोच खरा उपयोग नाही का! नको असलेल्याला साहेब स्वतः कधी नाही म्हणत नाहीत, ते काम याच्याकडे. ओडिशात पांडियन यांचं तेच झालं. आयएएस, २०११ पासून तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनायकांचे खासगी सचिव, २०२३ ला नोकरी सोडून थेट त्यांच्या बीजेडी (बिजू जनता दल) पक्षात, २०२४ च्या प्रचारात सगळीकडे तेच. भाजपने सगळी निवडणूक "राज्य बाहेरचा तमिळ माणूस चालवतो" यावर नेली, १४७ पैकी बीजेडी ५१ वर आला आणि पांडियन यांनी सक्रिय राजकारण सोडलं. २४ वर्षं मुख्यमंत्री मात्र पटनायकच होते ना?

पूर्वीचा_पीए:
@निशा_प हक्काचं बरोबर आहे, पण पेशंट दारात असतो तेव्हा व्यवस्था सुधारायची वाट बघायची का? नावं वेबसाईटवर टाका म्हणणाऱ्यांना, टाका की. उलट बरं होईल, आमच्या नावाने बाहेर जे पाच-सहा जण "मी साहेबांचा पीए" म्हणून व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरतात त्यांचा धंदा बसेल.

सतरंजीवाला:
त्यातले दोघे तर तुमच्या साहेबांच्याच गाडीत फिरत असतील, बघा जरा.