नवी कोरी कॅम्परव्हॅन गळते, डीलर दाद देत नाही. पैसे परत कसे मिळवावेत?

बार्देशकर (धागाकर्ता)
निवृत्तीनंतर बायकोला घेऊन फिरायचं म्हणून एप्रिलात कॅम्परव्हॅन घेतली. रस्त्यावर येईपर्यंत २७ लाख गेले. चॅसिस मोठ्या कंपनीची, आतलं घर परराज्यातल्या बॉडी बिल्डरने बांधलेलं, विकली इथल्या डीलरने. आषाढीला पंढरपूर करू म्हणून म्हापशाहून निघालो आणि चोर्ला घाटात पावसाने गाठलं. छतावरच्या व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) कडेने धार लागली. बेळगावच्या अलीकडे पंपावर गाडी लावली, अंथरुणावर चहाचं पातेलं ठेवलं आणि आम्ही दोघं पुढच्या सीटवर बसून रात्र काढली. पंढरपूर राहिलं.
तीनदा डीलरकडे नेली, तिन्ही वेळा सिलिकॉन फासून परत. आता बंकवरचा (झोपायच्या जागेवरचा) प्लायवूड अंगठ्याने दाबला तर चहात बुडवलेल्या टोस्टासारखा आत जातो. डीलर म्हणतो बिल्डरला विचारा, बिल्डर म्हणतो ज्याने विकली त्याला विचारा. वकिलावर १५ हजारांच्या वर घालायचे नाहीत, आधीच सांगतो.

घाटवाट
नवी घेतलीत तिथेच चुकलात काका. मी जुना टेम्पो घेऊन फोंड्यातल्या सुताराकडून आतलं काम करून घेतलं, सगळं मिळून साडेपाच लाख. चार पावसाळे झाले, थेंब नाही.

डिचोलीची_सून
आमच्या भावोजींनी फ्लॅटच्या भांडणात मुंबईचा वकील लावला होता, दीड लाख घेतले पण बिल्डर सुतासारखा सरळ झाला. पैशाकडे बघू नका.

बार्देशकर
ताई, १५ हजार लिहिलंय.

नियमावर_बोट
@घाटवाट, त्या सुतारकामाची आरसीवर नोंद आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय गाडीत असा बदल चालत नाही. अपघात झाला तर विमावाले आधी हेच काढतील.

घाटवाट
आजवर कोणी अडवलं नाही.

नियमावर_बोट
आजवर.

फ्रिजवाला_मडगाव
काका, वकील लागतच नाही. ग्राहक आयोगात स्वतः उभं राहता येतं, मी फ्रिजसाठी राहिलो होतो. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांच्या आत आहे, म्हणजे जिल्हा आयोग. २० ते ५० लाखांच्या वस्तूला फी १००० रुपये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणून बिल्डर परराज्यातला असला तरी उत्तर गोव्यातच करा आणि डीलर व बिल्डर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा. तक्रार करायला मुदत २ वर्षं. त्याआधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून नोंद घाला. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीला विचारतात आणि आपल्या हातात तारखेचा कागद येतो.
आता एक विचारतो. तिन्ही वेळची जॉब कार्डं आहेत का, आणि त्यांवर काय लिहिलंय?

बार्देशकर
आहेत. पहिल्यावर "पाणी गळती". दुसऱ्या-तिसऱ्यावर "तपासले, ठीक आढळले". खाली माझी सही.

फ्रिजवाला_मडगाव
तिथेच घात झाला. पुढच्या वेळी "गळती थांबलेली नाही, हरकत राखून गाडी नेत आहे" असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा, आणि त्याचा फोटो काढा.
आणखी एक. पूर्ण पैसे परत हवे असतील तर दोष मुळातला आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तो नसेल तर बहुतेक वेळा "दुरुस्त करून द्या, वर थोडी भरपाई द्या" एवढ्यावर भागवतात. म्हणून तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय व्हेंटला कोणालाही हात लावू देऊ नका.

कुंकळ्ळीकर
कायद्यात ३ महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर ५. तुमच्या फ्रिजला किती लागले तेही सांगा की.

फ्रिजवाला_मडगाव
अडीच वर्षं. पण जिंकलो.

कुंकळ्ळीकर
तोवर दुसरा फ्रिज घेतला असेल ना?

फ्रिजवाला_मडगाव
घेतला. त्याचा इथे काय संबंध?

डिचोलीची_सून
इन्शुरन्समधून का मागत नाही? पावसानेच तर नुकसान झालंय.

नियमावर_बोट
बांधणीतला दोष मोटार विम्यात बसत नाही. काका, एक खरं सांगा, गाडी भाड्याने देता का?

बार्देशकर
नाही. भाच्याने हणजूणच्या टुरिस्टांसाठी जाहिरात टाकली होती, पण कोणी आलं नाही.

नियमावर_बोट
ती आजच्या आज काढा. धंद्यासाठी घेतली असं दाखवता आलं तर "हा ग्राहकच नाही" हा त्यांचा पहिला मुद्दा असेल. शिवाय पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही.

समुद्रवारा
टुरिस्टांचं नाव काढू नका. आमच्या इथे गाड्या लावून किनाऱ्यावर बिर्याण्या शिजवतात. २०१९ पासून उघड्यावर शिजवायला बंदी आहे, दंडही आहे, पण...

कुंकळ्ळीकर
दरवर्षी याच दिवसांत हाच प्रतिसाद.

होडीकडचा
मी वकील नाही, फायबरच्या होड्यांची कामं करतो. सिलिकॉन ही चूक आहे. छत उन्हात ताणतं, पावसात आकसतं, आणि सिलिकॉन कडेने सुटतं. मग त्यावर दुसरं काही धरतही नाही. व्हेंट उतरवायचा, जुनं सगळं खरवडायचं, खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. कुजलेला प्लाय कापून काढायचाच, वरून रंग मारलात तर आत कुजतच राहील. दोन दिवसांचं काम.

फ्रिजवाला_मडगाव
काका, हे करू नका! पुरावाही जाईल आणि वॉरंटीही.

घाटवाट
सुतार बरा. नंबर देऊ?

नियमावर_बोट
फ्रिजवाल्यांशी सहमत. आधी तज्ज्ञ, मग सीलंट.

डिचोलीची_सून
मीही तेच म्हणत होते.

बार्देशकर
(नऊ दिवसांनी) सगळ्यांचे आभार. डीलर आणि बिल्डर दोघांना पत्रं गेली, १९१५ वर नोंद झाली, भाच्याला झापून जाहिरात काढली. डीलरचा फोन आला, चौथ्यांदा आणा म्हणाला. नेली नाही. होडीकडचा यांच्याकडे नेली. व्हेंट उतरवला तर भोक दोन बोटं जास्त कापलेलं, आणि ती फट फोमने भरलेली. फोम पिळला तर पाणी निघालं. सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढले, कापलेला प्लाय गोणीत भरून माळ्यावर ठेवलाय. खर्च ११ हजार, तो डीलरकडे मागितलाय. पैसे परत मागत नाही. अडीच वर्षांनी मी ६८ चा होईन, आणि बायको म्हणते कार्तिकीला तरी जाऊ.

फ्रिजवाला_मडगाव
शेवटी हात लावलातच. अहो, तोच फोम जागेवर असताना तज्ज्ञाने पाहिला असता तर २७ लाखांची केस होती!

कुंकळ्ळीकर
फोम अजून आहे ना? तो टाकू नका.

बार्देशकर
पिशवीत आहे. वास येतोय.

समुद्रवारा
होडीकडचा, तुमचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. आमच्या बाल्कनीचा पत्रा गळतोय.